जड पाणी, सामू आणि पीडी
अनुवादवाली: रसायनशास्त्राचा एक मजकूर मराठीत करतेय. 'जड पाण्यात आम्लाचं मोजमाप' असं लिहिलं तर आईने विचारलं, बोरच्या पाण्याचं का गं, ज्यात डाळ शिजत नाही ते? नाही, हे हेवी वॉटर, ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा जड प्रकार ड्युटेरियम असतो. पुढे अजून घोळ आहे. पीएचला, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी हे सांगणाऱ्या आकड्याला, आपण सामू म्हणतो, मग जड पाण्यातल्या तशाच आकड्याला, पीडीला, काय म्हणायचं?

बोरवाला: आईचं बरोबर आहे. जड पाणी म्हणजे साबणाला फेस न येणारं. पुस्तकात दुष्फेन असतं, पण बोलताना मी तरी ऐकलेलं नाही.

रायगडी: थळला जड पाण्याचा कारखाना आहे, आम्ही जड पाणीच म्हणतो. हिंदी पाटीवर 'भारी पानी'. ते मराठीत आणलं तर लोक म्हणतील, एवढं काय भारी आहे त्यात!

अनुवादवाली: ते ठीक, पण पीडी?

प्रयोगशाळेतला: नेहमीच्या बफरवर (पीएच माहीत असलेल्या द्रावणावर) लावलेला पीएच मीटर जड पाण्यात बुडवला की आकडा साधारण 0.4 कमी येतो, तेवढे मिळवले की पीडी. ड्युटेरियमचा बंध सुटायला जड, त्यामुळे आयन कमी, त्यामुळे 25 अंशाला तिथे उदासीन म्हणजे 7 नाही तर 7.5च्या जवळ. आम्लंही ढिली पडतात, ॲसेटिक आम्लाचा पीकेए (आम्ल जेवढं ढिलं तेवढा हा आकडा मोठा) 4.76 वरून 5.3च्या आसपास जातो. म्हणून पीडीला नुसतं सामू म्हटलं तर वाचणारा 7 धरून बसेल आणि फसेल.

शुद्धमराठी: ड्युटेरियम हे नाव ग्रीक 'दुसरा'वरून आलंय. आपण द्वितीयातला द घ्यावा. दसामू.

बोरवाला: दसामू?? दम्याचं औषध वाटतंय.

शुद्धमराठी: हसा. सामूलाही हसले असतील. तो 'साम्य'वरून आला असणार.

मातीवाला: कशावरून पण येऊ दे, माती परीक्षणाच्या कागदावर सामू 8.4 दिसला की आमचे वडील कपाळाला हात लावायचे, त्यांना पीएच म्हटलं असतं तर कळलं नसतं. शब्द असा रुळतो, बसून बनवून नाही. पीडीच ठेवा ताई.

शुद्धमराठी: मग सामू काय झाडाला लागला होता? तोही कुणीतरी बनवलाच ना?

अनुवादवाली: अहो, उद्या द्यायचंय मला.

बोरवाला: ताई, आईंना सांगा डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकायला.

रायगडी: सोड्याने चव जाते. रात्रभर भिजवा.