आपल्या वर्गातले गेलेले : अनुभव लिहा

पालकाठ

आमच्या दहावीच्या बॅचला (1998, रावेर तालुका) पंचवीस वर्षं झाली म्हणून 2023च्या डिसेंबरात एका मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली. वर्गणी पाचशे. आपल्याकडे फ्लेक्सशिवाय बारसंसुद्धा होत नाही, त्यामुळे तोही आलाच. वर शाळेची इमारत, मध्ये सर-मॅडम, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची ओळ. अठ्ठावन्न जणांच्या वर्गातले सहा जण त्या ओळीत. पाच जणांचे फोटो मिळाले : कुणाचा लग्नातला, कुणाचा फेसबुकवरचा, एकाचा आधार कार्डावरून. सहाव्याचा मिळेना. तो नववीतच गेलेला. त्याचं आधार कार्ड निघालं नाही, मोबाईल त्याने पाहिला नाही. आठवीच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत आहे, चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. फ्लेक्सवाल्याने मोठा करून पाहिला तर नुसते ठिपके.

"नुसतं नाव टाकू," असं ठरलं. पण पाचवीपासून मी त्याच्या शेजारी बसलेलो. एका रविवारी मोटरसायकल काढून त्याच्या गावी गेलो.

आई आता सत्तरीच्या पुढे. देव्हाऱ्याशेजारी फोटो होता, पण त्यात तो पाच वर्षांचा. जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या विमानात बसवलेला, भेदरलेला. घरात त्याचा तेवढाच फोटो. तो मोबाईलवर काढून घेतला आणि उठणार तेवढ्यात मावशींनी विचारलं, "तो शायेत कसा वागे रे भाऊ?"

सत्तावीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. घरातला मुलगा त्यांना पाठ होता. शाळेतला मात्र आमच्याकडेच राहून गेला होता. मग मी सांगत बसलो. कर्कटकाने बाकावर रेल्वेचं इंजिन कोरलं म्हणून उभा राहिला होता ते. चाचणीत मला गणितं दाखवायचा आणि बदल्यात माझ्या डब्यातली कळण्याची भाकर खायचा ते. भूगोलाचे सर वर्गात शिरण्याआधी दोनदा खोकायचे, त्याची हुबेहूब नक्कल करून तो अख्खा वर्ग उभा करायचा तेही. हे ऐकून मावशी पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, करून दाखव. ओसरीवर बसून, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मी त्याच्यासारखा खोकून दाखवलं.

तो गेला तेव्हा केळीला रात्रीचं पाणी चालू होतं, कारण वीज रात्रीच यायची. बापाबरोबर मळ्यात गेला, खोपीत खालीच झोपला. पहाटे पोट दुखतं म्हणाला, बापाने ओवा दिला. उजाडेपर्यंत बोलता येईना. मण्यार चावली होती हे दवाखान्यात कळलं, तेही उशिरा. त्याचे वडील 2009 साली गेले, तोवर रोज त्या ओव्याबद्दल बोलायचे म्हणे.

तर, तुमच्या वर्गातले जे राहिले नाहीत त्यांच्याबद्दल इथे लिहा. नावं नकोत, घरच्यांना त्रास व्हायला नको. मरणाचं थोडक्यात, शाळेतलं सविस्तर.

शेंदुर्णीकर

मी आणि पहूरचा एक मित्र पाचोऱ्याला वसतिगृहात राहून शिकलो. शनिवारी दुपारी पीजेने घरी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : पाचोरा-जामनेर छोटी लाईन, डबे खेळण्यातल्यासारखे. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर. गाडी इतकी निवांत की हा पठ्ठ्या चालत्या गाडीतून उतरायचा, डब्याबरोबर चालत चालत बोरं तोडायचा आणि मागच्या डब्यात चढायचा. एकदा एक चप्पल खाली राहिली. सोमवारी येताना आम्ही दोघं खिडकीतून ती शोधत आलो, आणि खरंच दिसली. त्याने उडी मारून आणली. आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही, तुम्हीही ठेवू नका.

2011 साली जळगावजवळ महामार्गावर ट्रकखाली गेला. तेव्हा तो सुरत-नागपूर सहा नंबर, दोनपदरीच. गाडी 2020च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. माझी मुलगी विचारते, पीजे म्हणजे काय? सांगायला बसलो की गोष्ट त्या चपलेवरच जाते.

हजेरी क्रमांक 15

क्रमांक 14ने मला सायकल शिकवली. त्याचीच सायकल, आणि फुटलेला गुडघाही त्याचाच. एवढंच लिहवतंय.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, जळगाव जिल्ह्यातच. धागाकर्त्यांना एक सांगायचंय. मण्यारचे दात बारीक असतात. बहुतेक वेळा चावल्याचं कळत नाही, सूज नाही, आग नाही, खूण शोधूनही सापडत नाही. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. मग पोट दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात, बोलणं-गिळणं अडतं, शेवटी श्वास. पहाटे पोटात दुखतंय म्हणणाऱ्या पोराला ओवा देणाऱ्या बापाने तेच केलं जे कुणीही केलं असतं. आमच्याकडे आजही असे पेशंट पोटदुखी म्हणूनच येतात. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चौघांवर एकच लस चालते, पण ती वेळेत द्यावी लागते, आणि 1996 साली तुमच्या मळ्यापासून ती किती लांब होती याचा अंदाज मला आहे. हे त्या मावशींना सांगा. जमलं तर लवकर सांगा.

माझ्या वर्गातलं नंतर लिहीन, आत्ता ड्यूटी आहे.

बोरीकाठची

अमळनेर, 1989. माझी मैत्रीण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर उभी राहिली की निंबाची फांदी करकरायची. गौराईची गाणी तिला इतकी यायची की दुसऱ्या गल्लीतल्या पोरी तिला उसनी न्यायच्या. भांडणाच्या गाण्यांत, म्हणजे एका गल्लीने दुसऱ्या गल्लीला शिव्या द्यायच्या त्या गाण्यांत, तिच्यापुढे कुणी टिकत नसे. आणि वर्गात सरांनी प्रश्न विचारला की हीच पोरगी खाली बघायची.

बारावीनंतर लग्न झालं. पहिल्या आखाजीला आली, झोक्यावर चढली नाही, पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या वर्षी भाऊ मुराळी म्हणून, म्हणजे तिला माहेरी आणायला, गेला आणि एकटाच परत आला, पाठवलं नाही म्हणून. त्याच पावसाळ्यात पेपरात तीन ओळी आल्या : स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. स्टोव्हही असा हुशार की सासूच्या हातात कधी भडकत नाही. लग्नापासून सात वर्षांच्या आत असं मरण आलं आणि हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं तर तो हुंडाबळी, हा कायदा 1986 सालीच आला होता. तिच्या वडिलांना तो कुणीतरी समजावूनही सांगितला. पण घरात धाकटी लग्नाची होती. तक्रार झाली नाही.

धागाकर्ते म्हणतात मरणाचं थोडक्यात लिहा. माफ करा, मला नाही जमलं.

पालकाठ

जमायला नकोच होतं. तसंच राहू द्या.

तोरणमाळचा वारा

माझी शाळा धडगावकडची आश्रमशाळा. शेजारच्या खाटेवर पावरा समाजाचा एक मुलगा होता. बासरी अशी वाजवायचा की स्वयंपाकीण मावशी भाकरी करपवायच्या. खेळायला मात्र नेहमी मागे. थंडीत पहाटे गार पाण्याने आंघोळ आणि मग मैदानाला पाच फेऱ्या. दुसऱ्याच फेरीला तो खाली बसायचा, गुडघे दुखतात म्हणायचा. डोळे पिवळट. आम्ही त्याला आळशी म्हणायचो, सरांनी त्यासाठी छड्याही मारल्या. दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला आणि शाळा उघडल्यावर त्याची खाट रिकामी होती. "ताप आला होता," एवढंच कळलं.

लग्नाआधी माझी रक्ततपासणी झाली, तेव्हा कळलं की मी सिकलसेलचा वाहक आहे. समुपदेशक ताईंनी चित्र काढून समजावलं. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. आई-बाप दोघं वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे ठणकतात. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, फार दमणं, यांनी दुखणं उसळतं. त्या ताई बोलत होत्या आणि मला डोळ्यांसमोर गार पाण्याची टाकी दिसत होती. त्याला काय झालं होतं हे कुणी तपासलं नाही, त्यामुळे मी ठामपणे काही म्हणू शकत नाही. पण मी त्याला आळशी म्हटलं होतं, ते मात्र ठाम आहे.

बायकोची तपासणी आधी करून घेतली. ती वाहक नाही.

पांझरा

सगळे गोड लिहितायत म्हणून थोडं कडू. आमच्या धुळ्याच्या वर्गातला एक जण मला तीन वर्षं रोज मधल्या सुट्टीत मारायचा. डबा काढून घ्यायचा, त्यातली शेवभाजी खायचा आणि रिकामा डबा माझ्याच दप्तरात पुसायचा. 2021च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला. ग्रुपवर 'राजा माणूस' वगैरे सुरू झालं. मी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि जेवायला बसलो. वाईट वाटलं नाही. त्याने कधी माफी मागितली नाही आणि मीही कधी हिशेब मागितला नाही. त्याचा नंबर अजून ग्रुपवर आहे. ॲडमिन मीच. काढत नाही. का, ते विचारू नका.

नंदुरबारी

आमच्याकडे 9 सप्टेंबर म्हणजे प्रभातफेरी. 1942 साली याच दिवशी शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार गोळीबारात गेले. माणिक चौकातल्या स्मारकापर्यंत जायचं आणि मग शाळेत नाटुकलं. पाचवी ते दहावी, सहा वर्षं शिरीषकुमार आमच्या वर्गातला एकच जण व्हायचा, कारण पडायचा तोच झकास. पडद्यामागे सुतळी बॉम्ब फुटला की गोळी. हा झेंडा न सोडता गुडघ्यावर, मग कुशीवर. बायका रडायच्या.

आठवीला बॉम्ब सादळलेला निघाला. इंग्रज शिपाई (माझाच भाऊ) लाकडी बंदूक रोखून उभा, हा झेंडा घेऊन उभा. फुटेना. सभागृहात चिडीचूप. मग याने ओठ न हलवता म्हटलेलं पहिल्या रांगेपर्यंत गेलं : "फोड ना रे भो!" गुरुजींसकट सगळे हसले. तरीही तो पडला, आवाजाशिवाय.

2021 साली ऑक्सिजनवर अकरा दिवस होता. व्हिडिओ कॉलवर मास्क बाजूला करून मला म्हणाला, "बॉम्ब सादळेल शे, पडाव नई मी." (बॉम्ब सादळलाय, पडणार नाही मी.) बाराव्या दिवशी गेला. यंदाच्या प्रभातफेरीत त्याचा मुलगा होता, झेंडा धरून. नाटकात घेऊ का म्हणून बाई विचारत होत्या. त्याच्या आईने नको सांगितलं.

पालकाठ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रात्रपाळी, तुमचा निरोप पोचवला.

आखाजीला गेलो होतो. मावशींनी गेलेल्यांच्या नावाने दोन घागरी भरल्या होत्या, नवऱ्याची मोठी आणि तिच्याशेजारी मुलाची लहान. दोन्हींवर डांगर (खरबूज), आंबा. आगारी, म्हणजे गेलेल्यांसाठीचा घास, विस्तवावर टाकून झाल्यावर मी त्यांना मण्यारचं सांगितलं, तुम्ही लिहिलंत तसंच : खूण दिसत नाही, आग होत नाही, पोटच दुखतं, कुणीही ओवाच दिला असता. त्या बराच वेळ विस्तवाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे त्याच्या बापाले सांगाले पाह्यजे व्हतं रे." ताटातली पुरणपोळी मोडून आणखी एक घास विस्तवावर टाकला, मोठ्या घागरीच्या बाजूने.

मग मला जेवायला वाढलं. नातू अंगणातून आत आला, माझ्याकडे बघायला लागला. मावशींनी त्याला जवळ बसवलं आणि मला म्हणाल्या, "ते खोकनं दाखव याले."