ब्लेनी माशाने खाणं सोडलंय, काय करू?

सिडकोवाला: नाशिकमध्ये कोणी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवतं का? माझा लॉनमोअर ब्लेनी आधी दिवसभर काचेवरचं शेवाळ ओरबाडायचा, ओठांचे ठसे दिसायचे, आता शेवाळ संपलं आणि खाद्याचे पेलेट (गोळ्या) टाकले तर थुंकतो, पोट पार आत गेलंय.

गंगापूररोडकर: अरे उपाशी आहे तो! बिनमिठाची नोरी शीट (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आण, तुकडा रबरबँडने दगडाला बांध, स्पिरुलिनाचं खाद्य पण चालेल. आणि काच जरा घाण राहू दे, आपल्यालाच पुसायची खाज असते.

पंचवटी१: झाकण आहे ना? माझा उडी मारून सोफ्याखाली सापडला, पार सुका बोंबील. उन्हाळ्यात पाणी उडतं पण मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालताना साधं आरओचंच घाल, ग्रॅव्हिटी (खारेपणा कळायचा आकडा) १.०२५ च्या आसपास ठेव.

सिडकोवाला: नोरी बांधली, दोन तास दगडाआडून नुसता डोळे फिरवत बसला, आत्ता एक कोपरा तोडला!