बचत गटाच्या महिलांसाठी कोणता चित्रपट निवडावा?

प्रश्न : भिवापूर तालुक्यातील आमच्या गावात ८ मार्चला बचत गटाच्या महिलांना चित्रपट दाखवायचा आहे. यांतील अनेकजणी मिरचीचे देठ खुडण्याच्या मजुरीवर जातात. नायक येऊन सोडवतो असे कथानक नको. बाई स्वतः नकार देते आणि त्या नकाराची किंमतही दिसते, असा चित्रपट सुचवावा.

उत्तर १ : केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ (१९८७) दाखवा. सुभेदाराला नकार देणारी सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते आणि म्हातारा चौकीदार दार लावून घेतो. पण मला अधिक खरे वाटते ते हे, की आतल्या बायकाच प्रथम तिला दोष देतात, आणि शेवटी त्याच मिरचीची पूड घेऊन उभ्या राहतात. ती पूड डोळ्यांत गेली की काय होते, हे तुमच्या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागणार नाही!

उत्तर २ : मराठीच हवा असेल तर व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) आहे. फसवून म्हाताऱ्याशी लावलेले लग्न नीरा मानतच नाही. मात्र नवऱ्याच्या आत्महत्येने तिची सुटका होते, हा शेवट मला सोयीचा वाटतो.

प्रश्नकर्ती : ‘मिर्च मसाला’च ठरवते. मुखीची म्हणजे गावप्रमुखाची बायको सरस्वती इतर बायकांसह थाळ्या वाजवत निघते, त्या प्रसंगासाठी पुरुषांनाही बोलवावे म्हणते. त्यांनी मागे बसावे.