गच्चीवर पत्रा की नवा कोबा?

सेक्रेटरी: नमस्कार. गच्चीवर पूर्ण पत्र्याची शेड घालायचा विषय रविवारच्या सभेत आहे. मृगाला महिना राहिलाय. ज्यांना काही सांगायचं आहे त्यांनी आधी इथे सोसायटीच्या ग्रुपवर लिहा.

बी-४०१: मीच सुरुवात करते, ती गच्ची माझ्या डोक्यावर आहे. गेल्या श्रावणात सासूबाईंच्या पलंगाशेजारी दोन बादल्या होत्या. छताचे पोपडे पडून सळई दिसायला लागलीय. आणि आत्ता रात्री ११ वाजताही वरून धग येते, पंखा गरम वाराच फेकतो. मला शेड हवी आहे. पाऊसही थांबेल, ऊनही.

ए-१०२: माझी संमती. पण खर्च वरच्या मजल्याने करायचा ना?

सेक्रेटरी: नाही. गच्चीची गळती सोसायटीची जबाबदारी, उपविधींतच आहे.

ए-३०३: वहिनी, ३० वर्षं साइटवर काढली म्हणून जरा सविस्तर लिहितो. सळई दिसते म्हणजे ओल लोखंडापर्यंत पोचलीय. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट खाली ढकलतं. वर पत्रा आला तरी ती सळई तशीच राहणार, फक्त आपल्याला दिसणार नाही.

काल गच्चीवर फिरून आलो. कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या विटा-सिमेंटच्या थराला, भेगा आहेत, कठड्याच्या कडेच्या वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलवा) सुटल्यात, आणि उत्तरेच्या स्पाऊटपाशी, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या नळीपाशी, उतार उलटा झालाय. पाणी तिथे तळं करून बसतं. १०० फुटांना निदान १ फूट उतार हवाच. पत्र्याचे खांब कोब्यात बोल्ट मारून उभे करणार, म्हणजे तितकी नवी भोकं. वळवाच्या वाऱ्यात पत्रा खालून उचलला जातो, तो ताण त्याच बोल्टांवर. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक झाले की तिथूनही गळतं. आणि महापालिकेची परवानगी घेतली आहे का?

सेक्रेटरी: अजून नाही.

बी-४०१: काका, पटतंय. पण उन्हाचं काय?

ए-३०३: जुना कोबा उखडायचा, सळया घासून स्लॅब दुरुस्त करायचा, मग विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, वरून पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे. पांढरा रंग ऊन परतवतो, धग नक्की कमी होते. जुन्या कोब्यावरच नवा चढवायला कंत्राटदार तयार होईल, ते मात्र अजिबात नको. ४ इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वजन. इमारत १९८९ची आहे. ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायचं असतं, तेही राहिलंय.

बी-२०४: आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यावर मंगलोरी कौलं होती. मे महिन्यात माजघरात घोंगडी टाकून झोपायचो इतका गारवा. कौलांचा विचार नाही का?

ए-३०३: गारवा खरा, उंच छप्पर आणि कौलांच्या फटींतून खेळणारी हवा. पण त्याला तीव्र उतार, वासे आणि दरवर्षी शाकारणी लागते. सपाट स्लॅबवर तो खटाटोप नको.

ए-२०१: विषय थोडा वेगळा, पण महत्त्वाचा. पार्किंगवरचे जुने सिमेंटचे पत्रे घणाने फोडून नेतो, असं कंत्राटदार म्हणालाय. कृपया थांबवा. त्या काळच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. फुटला की धूळ उडते, ती छातीत गेली तर २०-३० वर्षांनीसुद्धा कर्करोग होऊ शकतो. पत्रे ओले करायचे, बोल्ट सोडवून अखंडच उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. संध्याकाळी मुलं तिथेच खेळतात.

सेक्रेटरी: आत्ताच फोन करतो. पार्किंगला काय घालावं?

ए-३०३: रंगीत कोटिंगचा पत्रा, ०.५ मिमीचा. ०.३५चा स्वस्त पडतो, पण गारपिटीत पोचे येतात.

ए-१०२: काका, गच्चीचं पावसाआधी होईल?

ए-३०३: इंजिनिअर या आठवड्यात बघून गेला तर होईल. शेवटचा हप्ता मात्र गच्चीत ४८ तास पाणी तुंबवून छत कोरडं राहिल्यावरच.

बी-४०१: माझी शेडची मागणी मागे घेते. कोबा फोडताना सासूबाईंना आवाज सोसेल का, एवढीच काळजी आहे.

ए-१०२: वहिनी, त्यांना तेवढे दिवस आमच्याकडे पाठवा. आईची खोली रिकामीच आहे.