मदत हवी आहे: घरासमोर शॉपिंग कॉम्प्लेक्स येतंय, हरकत कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, समोरचा मोकळा प्लॉट मैदानाच्या आरक्षणातला, आता तिथं मोठं शॉपिंग कॉम्प्लेक्स करायचं म्हणून आरक्षण बदलायची नोटीस पेपरात आलीय. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवल्यात म्हणे, एक महिन्याची मुदत, त्यातले अकरा दिवस तर मला कळण्यातच गेले ओ.

दुकानं नकोत असं नाही, आमच्या हिला तर आनंदच झालाय, सारखं नवीपेठेत जायला नको म्हणून. पण इथं पाणी येतंय दिवसाआड नाही, चार-चार दिवसांनी, आणि गल्लीत समोरासमोर दोन रिक्षा आल्या की हॉर्न सुरू, मग कॉम्प्लेक्सच्या गाड्या लागणार कुठं?

तर कुणी अशी हरकत दिलीय का आधी? सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज द्यायचा का घरटी वेगळा? सुनावणीला स्वतःच जावं लागतं का? आणि पार्किंगचा नकाशा बघायला माहिती अधिकार टाकला तर उत्तराला ३० दिवस, तोवर मुदत संपतीय, दुसरा काही मार्ग? नमुना अर्ज असेल तर प्लीज टाका.