धोलावीराचं मैदान: लोकांचं की किल्ल्याचं?

रणवाट

मागच्या हिवाळ्यात खावड्याहून रण चिरत जाणाऱ्या रस्त्याने धोलावीराला जाऊन आलो. एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

कच्छच्या रणातल्या खडीर बेटावरचं हे हडप्पा संस्कृतीचं नगर. १९९० पासून पुरातत्त्वज्ञ रवींद्रसिंह बिष्ट यांच्या पथकाने ते खणून उजेडात आणलं, २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. त्याबद्दल लिहिताना सगळे दोन गोष्टींवर लिहितात, पाण्याचे हौद आणि अजून न उलगडलेल्या हडप्पा लिपीतली दहा चिन्हांची पाटी. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण बालेकिल्ला आणि मधली वस्ती यांच्यामध्ये जे लांबलचक मोकळं मैदान आहे, तिथे कुणी पाच मिनिटं थांबत नाही. तिथे बघण्यासारखं काही नाही म्हणे! २८३ मीटर लांब, साधारण ४७ मीटर रुंद, आणि कडेने माणसांना बसता येईल असे पायऱ्यांसारखे टप्पे.

माझं म्हणणं असं की या नगरातलं सगळ्यात मोठं बांधकाम हेच मैदान आहे, आणि ते लोकांसाठी केलेलं आहे. तटाच्या आत हातभर जागेचंही मोल किती असतं, हे गडकिल्ले फिरणाऱ्यांना सांगायला नको. इथला बाहेरचा तट ७७१ बाय ६१७ मीटरचा. त्यात हौदांनी केवढी तरी जागा घेतलेली, आणि तरीही या लोकांनी तीन एकरांहून जास्त जमीन एकत्र जमण्यासाठी मोकळी सोडली. राजवाडा म्हणून बोट ठेवावं अशी वास्तू इथे नाही. राजाची मूर्ती नाही. जमायची जागा मात्र आहे.

माझी मुलगी एका कडेच्या टप्प्याजवळ उभी होती, मी समोरच्या कडेला. आवाज न चढवता तिला हाक मारली, तिने ओ दिली. ती रुंदी माणसाच्या आवाजाला बेतलेली आहे असं मला तिथेच वाटलं.

तटबंदी

मैदानाकडे लक्ष वेधलंत ते बरं झालं, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

ही जागा कुणी ‘मोकळी सोडली’ नव्हती. तिथे वस्ती होती. उत्खननात नगराच्या पहिल्या दोन कालखंडांतली घरं तिथे मिळाली. तिसऱ्या कालखंडात ती मुद्दाम पाडून, जमीन सपाट करून मैदान काढलं. बालेकिल्ला आणि त्याला पश्चिमेकडून जोडलेला दुसरा कोट आखला गेला तो त्याच कालखंडात, आणि मैदानाच्या उत्तरेची तटबंद वस्तीही तेव्हाचीच. म्हणजे कोट उभे राहिले तेव्हाच लोकांना घरांतून उठवून पलीकडे बसवलं. यात लोकांचा कौल कुठे दिसतो?

शिवाय तुम्ही मैदानात उभे राहिलात, मी बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजात उभा राहिलो होतो. तिथून अख्खं मैदान पायाखाली दिसतं. दरवाजात खांबांच्या तळाचे घोटीव दगड आहेत, हात फिरवला तर अजून गुळगुळीत लागतात. एवढा थाट कुणासाठी? वरून जो खाली उतरायचा त्याच्यासाठी. खालच्यांनी मान वर करून बघायचं. हे किल्ल्याचं अंगण आहे, गावची चावडी नव्हे.

रायगडावर होळीचा माळ असाच नगारखान्यासमोर आहे. माणसं तिथे जमत असतील, पण माळ कुणाचा, हे नगारखान्याकडे बघितलं की कळतं.

रणवाट

घरं पाडली, हा मुद्दा मी लिहायला हवा होता. चूक झाली. पण घरं पाडून त्यांनी काय केलं ते बघा ना. धान्याची कोठारं बांधता आली असती, कोट अजून उत्तरेला सरकवता आला असता. त्याऐवजी माणसं बसवायची सोय केली. ज्याला नुसता धाक दाखवायचा आहे तो लोकांना उन्हात उभं करतो, बसायला टप्पे बांधून देत नाही.

होळीच्या माळाबद्दल मात्र तुमच्याशी भांडेन. होळी पेटते तेव्हा तो माळ सगळ्यांचा असतो.

पांढरीची माती

दोघांनाही एक विनंती. टप्पे चारही बाजूंना होते, असं उत्खननाच्या वर्णनातही ‘बहुधा’ म्हणूनच येतं. त्यावर फार मोठी माडी चढवू नका. आणि तिथले वाटाडे ‘स्टेडियम, स्टेडियम’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण तो शब्द ऐकला की आपल्याला फक्त क्रिकेट दिसतं. सणासुदीचे मेळे, खेळ, व्यापाराच्या हंगामात भरणारा बाजार, असे तीनही उपयोग सुचवले गेलेत. मला बाजार सगळ्यात जवळचा वाटतो. धोलावीरात शंखाचं काम होई, मण्यांचं होई, तांब्याचंही होई. माल घेऊन आलेल्या परक्या माणसाला थेट वस्तीत कोण घेईल? दोन तटांच्या मधली, दोन्हीकडून नजरेखाली राहणारी जागा त्यासाठी उत्तम. आठवडी बाजार आपल्याकडेही वेशीपाशीच भरतो.

सई_कोथरूड

मला ‘लोकांचं’ या शब्दावरच अडायला होतं. अथेन्सची नेहमी वाहवा होते, ॲक्रोपोलिसचा गड देवाचा आणि खालचा अगोरा, म्हणजे चौक, जनतेचा. जवळच्याच प्निक्स टेकडीवर सभा भरायची, काही ठरावांना ६००० नागरिकांची हजेरी लागायची. वक्त्याचा कातीव दगडी चौथरा अजून तिथे आहे. पण त्या सभेत बाई नव्हती, गुलाम नव्हता, परगावचा कितीही वर्षं राहिलेला माणूस नव्हता. आणि हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते त्यांनीच लिहून ठेवलंय. धोलावीराच्या टप्प्यांवर कोण बसायचं? हौद खोदणारे बसायचे का? मणी घासणाऱ्या बायका? टप्पे आहेत म्हणून सगळे बसत होते, असं मी धरून चालणार नाही. तसंच, वर दरवाजा आहे म्हणून कुणी राजा उतरत होता, हेही नाही.

तटबंदी

सईताई, शेवटचं वाक्य मान्य. मी ‘राजा’ म्हटलं नव्हतं, पण मनात तोच होता.

तरी ती पाटी विसरू नका. दहा चिन्हांची पाटी उत्तर दरवाजाच्या देवडीतच मिळाली. लाकडी फळी कुजून गेली, पांढऱ्या जिप्समचे तुकडे जडवलेली चिन्हं राहिली. एकेक चिन्ह सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, दीड वितीहून मोठं. ती दरवाजावर लावलेली असेल तर वरून खाली काहीतरी सांगितलं जात होतं. खालून वर काही सांगितल्याची एकही खूण आपल्यापाशी नाही.

रणवाट

पण एवढं मोठं अक्षर कुणासाठी काढतात? लांबून वाचणाऱ्यासाठी. मुद्रेवरची चिन्हं नखाएवढी असतात, ती व्यापाऱ्याच्या हातात असतात. दीड वितीचं अक्षर मैदानातल्या गर्दीसाठी आहे. निदान त्या गर्दीला चिन्हं ओळखता येत होती, आणि हे गडावरच्यांना ठाऊक होतं. ज्यांना कस्पटासमान मानायचं त्यांच्यासाठी कुणी पाटी रंगवत बसत नाही.

लिपी वाचता येत नाही तोवर तुमचं आणि माझं भांडण मिटणार नाही, हे कबूल. त्या दहांपैकी एकच चिन्ह चार वेळा आलंय, आऱ्यांच्या चाकासारखं. आणि नगराच्या पश्चिमेच्या दफनभूमीत एक मोठा ढिगारा खणला, त्याच्या बांधणीची आखणीही आऱ्यांच्या चाकासारखीच निघाली. आत सांगाडा नव्हता. त्या चाकाबद्दल कुणी नीट वाचलं असेल तर इथे जरूर लिहा.

पांढरीची माती

ढिगाऱ्याचं चाक आणि पाटीवरचं चाक एकच मानायची घाई नको. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.