मदत हवी आहे: फॅमिली थेरपी छोट्या संस्थेत बसवायची कशी?

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईच्या तुर्भे-दिघा पट्ट्यात किशोरवयीन मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी समुपदेशक आहे. शाळा सुटलेली, व्हाइटनर हुंगणारी, दोन-दोन दिवस घरातून गायब होणारी मुलं. आधी आम्ही एकट्या मुलाला समोर बसवायचो. चार सेशनमध्ये पोरगं शहाणं व्हायचं आणि घरी जाऊन त्याच भांडणात पडायचं.

म्हणून जूनपासून फंक्शनल फॅमिली थेरपीच्या धर्तीवर काम सुरू केलं. जेम्स अलेक्झांडर आणि ब्रूस पार्सन्स यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत, युटामध्ये उभी केलेली ही पद्धत. साधारण १२ ते १४ सेशन, तीन-पाच महिने, घरातले सगळे एकत्र. आधी एकमेकांवर खापर फोडणं थांबवायचं, मग वागणं बदलायचं, मग ते शाळेत-वस्तीत टिकवायचं. (अधिकृत प्रशिक्षण घेतलेलं नाही, त्यामुळे त्या नावाचा बोर्ड लावलेला नाही.)

पद्धत उमगते, घोडं संस्थेत अडतं. बाप एपीएमसीच्या घाऊक बाजारात रात्री माल उतरवतो, दिवसा झोपतो. आई नेरूळला चार घरची कामं करते. दोघं एकत्र सापडतात रविवारी संध्याकाळी, तेव्हा आमचं ऑफिस बंद. घरी जावं तर दहा बाय दहाची खोली आणि शेजारीण दारातच भाजी निवडत बसलेली. एका आजीने पहिल्याच दिवशी विचारलं, "पोरगं बिघडलंय, आम्हाला कशाला बसवता?" मला धड उत्तर देता आलं नाही.

खरी गोची रिपोर्टची आहे. देणगीदाराच्या एक्सेलमध्ये 'लाभार्थी' म्हणजे मुलं. पूर्वी महिन्याला ४० दाखवायचे, आता ९ कुटुंबं. आमच्या संस्थेच्या मॅडम भल्या आहेत, पण म्हणतात, "काम कमी झाल्यासारखं दिसतंय गं." मूळ पद्धतीत टीम दर आठवड्याला केसवर बोलायला बसते, आमची सोमवारची मीटिंग व्हाउचरांतच संपते. त्यात शिकून तयार झालेले दोघं नोकरी सोडून गेले.

हा आकडा कुणी देणगीदाराला पटवलाय का? आणि सुपरव्हिजनला, म्हणजे केसवरच्या त्या आठवडी चर्चेला, वेळ कुठून काढलात? 'ठाण्यात आयपीएचला (मानसिक आरोग्य संस्थेत) पाठवा' हे सुचवू नका, प्लीज. मला केस पाठवायची नाहीये, संस्थेची घडी बदलायची आहे.

प्रतिसाद १:
ताई, मी वागळे इस्टेटकडे व्यसनमुक्तीचं काम करतो. आजीला सांगा, घरच्यांना सोबत बसवायचं हे खूळ अमेरिकेचं नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच नातेवाइकांना आवारात तंबूंत, रुग्णासोबत राहायला बोलावलं होतं.

रिपोर्टमध्ये आम्ही रकाने वाढवले: पूर्ण झालेली कुटुंबं, त्या घरांतली सेशनला बसलेली माणसं, मध्येच सोडून गेलेली कुटुंबं. तिसरा रकाना लपवू नका, पुढे तोच अंगावर येतो. सुपरव्हिजनचा तास प्रस्तावाच्या बजेटमध्येच लिहा. नंतर कुणी देत नाही.

धागाकर्ती:
अरेच्चा, ९ घरांत माणसं धरली तर चाळीसच्या आसपास जातात की! आणि रविवारचं काय करता?

प्रतिसाद १:
रविवारी काम, सोमवारी सुट्टी. मीटिंग मंगळवारी, व्हाउचरं बुधवारी. अकाउंटंट अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.